पोटभाडेकरू

कन्नमवार नगरात, तळमजल्यावर,
दार उघडायच्या आधीच वास येतो:
उतू गेलेलं दूध, पावडर, ओली दुपटी.
बागवे मावशींच्या पाळणाघरात अकरा मुलं
आणि माझ्या थर्माकोलच्या डब्यात
अकरा काड्या, बर्फाच्या पिशवीशेजारी.

"कित्याक गो घालतंस पोरांच्या नाकात?
एकाक तरी ताप आसा?"
नाही मावशी, ताप नसलेलीच हवीत मला.
त्या माझ्याकडे बघतात
बंद खोलीचं वीजबिल आणून देणाऱ्याकडे बघावं तशा.

झैनब काडी बघूनच टेबलाखाली.
जोएल म्हणतो, आधी बाहुलीला.
बाहुलीचं नाक नुसतं रंगवलेलं, तरी मी काडी टेकवते,
"झालं" म्हणते, खोटं लेबल लावते.
मग तो मान मागे टाकतो.
नाक जिथे संपतं आणि घसा अजून सुरू होत नाही
त्या बोळात मी पाच मोजेपर्यंत थांबते.
तीनला तो माझा अंगठा धरतो.
रडत नाही.

गुरुवारी परळच्या लॅबमध्ये
मेंढीच्या रक्ताच्या लाल थाळ्यांवर
अकरातल्या सात जणांकडे वस्ती उगवली.
बारीक, ओलसर, मधोमध दबलेली,
कुणी मुंग्यांसाठी कॅरमच्या सोंगट्या कातून ठेवाव्यात तशी,
आणि प्रत्येकीभोवती हिरवट कडं.
काचेखाली पाहिलं तर जोडीजोडीने उभे,
बाईंनी हात धरा म्हटल्यासारखे.
न्यूमोकॉकस.
नऊ नंबरच्या थाळीवर तर जागाच उरली नव्हती.
नऊ म्हणजे जोएल.

शनिवारी कागद घेऊन गेले.
"म्हणजे पोर आजारी?"
नाही.
"मगे औषध?"
तेही नाही.
"मगे काय?"
मगे काय मावशी, राहतात ते तिथे.
पोटभाडेकरू. करार नाही, पावती नाही.
महिना, दोन महिने, कधी सहा,
मग शिंकेवर सामान टाकून शेजारच्या नाकात,
नाहीतर चोखलेल्या खडूवरून, प्लास्टिकच्या ट्रकमधून.
घरमालक साडेतीन वर्षांचा,
त्याला पत्ताच नाही.

मावशी पदर तोंडाला लावून हसल्या.
"आमच्या बिल्डिंगीतय तसांच चलता."

तेवढ्यात पडद्यामागे खोकला.
लांबलेला, रिकाम्या विहिरीत
घागर आपटत खाली जावी तसा.

फॉर्मवर रकाना होता: घरातील इतर व्यक्ती.
मी भरला होता. एक. पुरुष. वय एकाहत्तर.
तीस वर्षं रंगाच्या कारखान्यात, तोंडाला रुमाल बांधून,
इतकंच मावशींनी सांगितलं होतं.
हे नव्हतं सांगितलं
की चारच्या दुधानंतर जोएल उठतो,
पडदा बाजूला करतो
आणि अर्धं चोखलेलं ग्लुकोज बिस्कीट
त्यांच्या तळहातावर ठेवतो.
आणि ते खातात.
ओलं टोक आधी.

मग मी सगळं सांगितलं. सांगायलाच हवं होतं.
पोटभाडेकरू म्हाताऱ्या छातीत शिरला
तर तिथे नुसता राहत नाही.
मोठ्यांनाही लस असते. हात, साबण, वेगळी वाटी.
मावशींनी लसीचं नाव
कॅलेंडरवर दुधाच्या हिशोबाखाली लिहून घेतलं,
दोनदा, दुसऱ्यांदा नीट अक्षरात.
मग पडद्याकडे बघत हळू म्हणाल्या,
"तेंका दिसभरात तोच एक भेटता गो.
बिस्कीट नको म्हणान कोण सांगतला?
तू सांगतलंस?"

मी डब्याचं झाकण लावलं.
ते आधीच लावलेलं होतं.

आज थाळ्या नष्ट करायच्या आहेत,
एकशे एकवीस अंश, वाफ, पंधरा मिनिटं.
पिशवीत टाकण्याआधी नऊ नंबरची
ट्यूबलाइटसमोर धरली.
लालमधून हिरवी वर्तुळं, एकमेकांना चिकटून,
एकाच चटईवर झोपवलेल्या मुलांसारखी.
भिंतीवरच्या घड्याळात
चारला पाच कमी.